कमाई पासष्ट सेंट, पुंजी सोळा सेंट

अमेरिकेत २०२२ साली गोऱ्या कुटुंबाच्या हाती एक डॉलर येत होता, तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबाच्या हाती पासष्ट सेंट येत होते. त्याच वर्षी गोऱ्या कुटुंबाच्या गाठीशी एक डॉलर होता, तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गाठीशी सोळा सेंट होते. पहिला हिशेब कमाईचा आहे. दुसरा पुंजीचा, म्हणजे घर, जमीन, ठेवी, शेअर, निवृत्तीचा फंड या सगळ्यातून कर्ज वजा केल्यावर जे उरतं त्याचा. दोन समाजांमधल्या विषमतेवर वाद होतात ते बहुतेक पहिल्या आकड्यावर. कोण किती शिकलं, कुणाला कुठली नोकरी लागली, कुणाला किती पगार. माझं म्हणणं आहे की या दोन समाजांची खरी परिस्थिती दुसऱ्या आकड्यात आहे, आणि पगार वाढले म्हणून तो आकडा आपोआप सुधारत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मूळ आकडे असे. जनगणना विभागानुसार २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबांचं मध्यक, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या कुटुंबाचं, वार्षिक उत्पन्न ८१,०६० डॉलर होतं, कृष्णवर्णीयांचं ५२,८६०. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या पुंजीची पाहणी करते. तिच्यात त्याच वर्षी गोऱ्यांची मध्यक पुंजी २,८५,००० डॉलर निघाली आणि कृष्णवर्णीयांची ४४,९००.

हे आकडे वापरताना चुका कुठे होतात ते आधी पाहायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे लोक सोयीचा आकडा उचलतात आणि वाद तिथेच फसतो.

पहिली चूक सरासरीची. त्याच पाहणीत गोऱ्या कुटुंबांची सरासरी पुंजी सुमारे १३ लाख ६० हजार डॉलर आहे आणि कृष्णवर्णीयांची सुमारे २ लाख ११ हजार. मूठभर अब्जाधीश सरासरीला वर खेचतात, त्यामुळे सामान्य घराची अवस्था तिच्यातून कळत नाही. मध्यक म्हणजे सगळी कुटुंबं पुंजीच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाचा आकडा. एका समाजाचा मध्यक आणि दुसऱ्याची सरासरी शेजारी ठेवली की काहीही सिद्ध करता येतं, आणि लोक करतातही.

दुसरी चूक वयाची. अमेरिकेतला गोरा समाज कृष्णवर्णीय समाजापेक्षा साधारण नऊ-दहा वर्षांनी वयस्क आहे. पुंजी वयाबरोबर साठते, तेव्हा दरीचा काही भाग निव्वळ वयाचा असणारच. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून तुलना एकाच वयोगटात करावी. २०१९ च्या पाहणीत पस्तिशीच्या आतल्या गोऱ्या कुटुंबाची मध्यक पुंजी २५,४०० डॉलर होती आणि त्याच वयाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ६०० डॉलर. सहाशे! म्हणजे गाडीचं एक मोठं दुरुस्तीचं बिल. गाडी बंद पडली की कामावर पोचता येत नाही, आणि तासाच्या दराने काम करणाऱ्याची चार खाडे झाले की नोकरी जाते. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत बस वेळेवर मिळेल याची खात्री नाही. गाठीशी सहाशे डॉलर असलेलं घर आणि पंचवीस हजार असलेलं घर यांचा पगार अगदी सारखा असला, तरी त्यांचं आयुष्य सारखं नसतं.

तिसरी चूक जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोजगार आणि उत्पन्नाच्या सरकारी पाहण्या घराघरांत जाऊन होतात. तुरुंगातली माणसं त्यांत धरलेलीच नसतात. तुरुंगवासाचा दर कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास पाचपट आहे. म्हणजे ज्या तरुणांची परिस्थिती सर्वांत वाईट, तेच हिशेबातून गळतात आणि उरलेल्यांचा आकडा आपोआप सुधारलेला दिसतो. बेकारीच्या दरात तर काम शोधणाराच मोजला जातो. शोधून थकला तो सुटला. असं असूनही कृष्णवर्णीयांचा बेकारीचा दर १९७२ पासून बहुतेक काळ गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास राहिलाय.

चौथी गोष्ट गटाच्या व्याख्येची. ‘कृष्णवर्णीय’ या खान्यात गुलामांचे वंशज येतात आणि अलीकडे जमैका, हैती, नायजेरिया, इथिओपिया इथून आलेलेही येतात. आज दहातला एक कृष्णवर्णीय परदेशात जन्मलेला आहे. शिकून, व्हिसा मिळवून आलेला नायजेरियन डॉक्टर आणि मिसिसिपीतल्या कापूस मजुराची नात यांची बेरीज एकाच ओळीत होते. “बघा, नायजेरियन लोक कसे पुढे गेले” असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा विमानात बसण्याआधीच त्यांची चाळणी झालेली होती हे सांगायचं राहून जातं.

आणि शेवटची चूक पट आणि फरक यांची. २०१९ ते २०२२ या काळात कृष्णवर्णीयांची मध्यक पुंजी टक्केवारीत गोऱ्यांपेक्षा वेगाने वाढली. जवळजवळ आठपट असलेली दरी सहापटीवर आली. त्याच तीन वर्षांत डॉलरमधला फरक मात्र सुमारे पन्नास हजारांनी वाढून २,४०,००० वर गेला. दोन्ही विधानं खरी आहेत. घर घ्यायचं असेल, मुलीची फी भरायची असेल, तर पैसे डॉलरमध्ये मोजून द्यावे लागतात, पटीत नाही. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे द्यावेत असं मला वाटतं.

आता पगार वाढून हे का मिटत नाही ते पाहू. समजा दोन्ही कुटुंबांना आपापल्या पुंजीवर वर्षाला ५ टक्के परतावा मिळतो. २,८५,००० वर १४,२५० डॉलर येतात. ४४,९०० वर येतात २,२४५. फरक १२,००५ डॉलरचा, आणि तोही कुणी काही काम न करता. दरी कमी होणं सोडा, ती आहे तेवढीच राहावी एवढ्यासाठी कृष्णवर्णीय कुटुंबाने गोऱ्या कुटुंबापेक्षा दरवर्षी बारा हजार डॉलर जास्त शिल्लक टाकायला हवेत. ५२,८६० च्या उत्पन्नातून बारा हजार म्हणजे जवळपास २३ टक्के. भाडं, विमा, पाळणाघर आणि गाडीचा हप्ता जाऊन एवढं शिल्लक टाकणारं कुटुंब कुठल्याही समाजात विरळा.

प्रत्यक्षात परतावाही सारखा नसतो. कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची पुंजी मुख्यतः राहत्या घरात असते, गोऱ्या श्रीमंतांची शेअर आणि धंद्यात. १९८० नंतर शेअर बाजार घरांच्या किमतींच्या पुढे गेला. अर्थतज्ज्ञ एलोरा डेरेनोनकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० पासूनच्या नोंदी जुळवून दरडोई पुंजीचं गुणोत्तर काढलंय. १८६० मध्ये ते साठास एकच्या आसपास होतं, १९२० पर्यंत दहास एकवर आलं, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत फक्त सहास एकपर्यंत. सुरुवातीची झपाट्याची घट ही शून्याजवळून निघालेल्याची घट आहे. दोन डॉलरवाल्याचे चार झाले तरी दुप्पटच म्हणायचं.

शून्यावरून सुरुवात का झाली, हे सांगताना गुलामगिरीचं नाव घेऊन थांबणं पुरेसं नाही. त्या वेळी पुंजी वाटली जात होती. कायद्याने, सरकारी दप्तरातून वाटली जात होती, आणि कुणाला मिळाली व कुणाला नाही याची नोंद आहे. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या गुलामांना मुक्त करताना सरकारने नुकसानभरपाई दिली. ती मालकांना, प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. मुक्त झालेल्या माणसाला १०० डॉलरपर्यंत देऊ केले, तेही तो देश सोडून जायला तयार असेल तर. त्याच वर्षी होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळपास फुकट. मूळ रहिवाशांकडून घेतलेली सुमारे २७ कोटी एकर जमीन या कायद्याखाली वाटली गेली आणि तिच्यातली बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे गेली. जानेवारी १८६५ मध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेचा सेनापती जनरल शर्मन याने दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसलीही. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी तो हुकूम फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. उरली अर्धेलीची शेती. बी-बियाणं, खत, मीठ-पीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधार, आणि हंगाम संपला की हिशेब मालकाच्याच वहीत.

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना दास्यत्वातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. मराठी वाचकाला अर्पणपत्रिका ठाऊक असते. त्या सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं ते सहसा ठाऊक नसतं. मुक्त झालेल्यांनी पै-पै करून ठेवलेला पैसा काँग्रेसच्या सनदेने १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेत होता. सरकारचा पाठिंबा आहे असं समजून लोकांनी तो ठेवला होता. संचालकांनी तो जमिनीच्या सट्ट्यात आणि बुडीत कर्जांत घातला. जून १८७४ मध्ये बँक बंद पडली तेव्हा सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. पुष्कळांना काहीच मिळालं नाही. माणूस सुटला, पण त्याच्या गाठीला काही राहू दिलं नाही. फुल्यांनी ज्या घटनेला वंदन केलं तिचा हा उत्तरार्ध आहे, आणि तो मराठीत फार कमी सांगितला गेला.

तरीही जमीन घेतली गेली. १९१० पर्यंत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मालकीची जमीन दीड कोटी एकरांच्या घरात गेली, १९२० मध्ये त्यांची संख्या सव्वानऊ लाखांवर होती. आज ती पन्नास हजारांच्या आत आहे. शहराकडे गेले म्हणून शेती सुटली हे एक कारण. सरकारी शेतीकर्ज वाटणाऱ्या स्थानिक समित्यांनी कर्ज उशिरा दिलं किंवा दिलंच नाही हे दुसरं. त्यावर १९९९ मध्ये पिगफोर्ड खटल्यात तडजोड होऊन हजारो शेतकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. पण जमीन जाण्याची एक तऱ्हा अशी आहे की वारसनोंदीच्या खेपा घातलेल्या कुणालाही ती लगेच समजेल, म्हणून तिच्यावर थांबतो.

समजा, एका कृष्णवर्णीय घरातल्या आजोबांनी १९१५ मध्ये साठ एकर घेतले. वकिलावर आणि कोर्टावर विश्वास नाही, म्हणून मृत्युपत्र केलं नाही. ते गेले, जमीन सहा मुलांच्या सामाईक मालकीची झाली. मुलं गेली, नातवंडं आली. आज कागदोपत्री चाळीस हिस्सेदार आहेत. काही शिकागोत, काही डेट्रॉइटमध्ये, काहींनी ती जमीन कधी पाहिलेलीही नाही. जागेवर राहणारी नात कर भरते, घर सांभाळते, पण तिच्या एकटीच्या नावावर काही नाही. बँक गहाण घेत नाही. वादळात छप्पर उडालं तर मदत मागताना मालकीचा कागद लागतो. २००५ च्या कत्रिना वादळानंतर अशा कित्येक घरांची मदत याच कारणाने अडली. केंद्रीय आपत्ती संस्थेने हा नियम २०२१ मध्ये सैल केला, म्हणजे सोळा वर्षांनी.

मग कुणी विकासक येतो. जमीन किनाऱ्याजवळ असेल तर नक्कीच येतो. लांबच्या शहरातला एखादा चुलत नातू शोधतो, त्याचा चाळिसावा हिस्सा थोडक्या पैशात घेतो. आता तोही सामाईक मालक. मालक म्हणून तो वाटपाचा दावा लावतो. चाळीस जणांत साठ एकर कापून देणं व्यवहार्य नाही असं कोर्ट ठरवतं आणि सगळ्या जमिनीचा लिलाव होतो. रोख घेऊन लिलावाला उभा राहणारा बहुतेक वेळा तोच विकासक. बाजारभावाच्या कितीतरी खाली जमीन जाते, त्यातून वकिलाचा खर्च वजा होतो, आणि उरलेलं चाळीस जणांत वाटलं जातं. सगळं कायदेशीर. कुणी कुणाला मारलं नाही, हाकललं नाही. दक्षिण कॅरोलिनाच्या सागरी बेटांवर गुलामांच्या वंशजांच्या जमिनी या मार्गाने गेल्या आणि तिथे आज गोल्फची मैदानं आहेत.

यावर इलाज निघाला तो २०१० मध्ये. कायद्यांचे नमुने तयार करणाऱ्या आयोगाने वारसाहक्काच्या जमिनीच्या वाटपाचा नमुना कायदा लिहिला आणि वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. दक्षिण कॅरोलिनाने २०१६ मध्ये, चार्ल्स्टनच्या चर्चमधल्या हत्याकांडात मारले गेलेले राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांच्या नावाने. यात दावा लागला की आधी कोर्ट जमिनीचं मूल्यांकन करून घेतं. ज्याने विक्री मागितली त्याचा हिस्सा त्या किमतीला घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांना. इच्छा कळवायला ४५ दिवस, त्यानंतर पैसे भरायला किमान ६० दिवस. कुणी घेतला नाही तर प्रत्यक्ष वाटणी करता येते का ते पाहायचं. तीही शक्य नसेल तर लिलाव न करता दलालामार्फत खुल्या बाजारात विक्री. साध्या वाटणाऱ्या या चार पायऱ्यांनी एका डावपेचाचा कणा मोडला. कमतरता एवढीच की साठ दिवसांत पैसा उभा करायला बँक लागते, आणि मालकी अस्पष्ट असलेल्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही. इथे राज्याने अल्प मुदतीचं कर्ज देणारा फंड कायद्याच्या जोडीला उभा केला पाहिजे. तो नसेल तर पहिला हक्क कागदावरच राहतो.

शहरातली गोष्ट घराची आहे. १९३३ च्या आधी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे निम्मी किंमत रोख आणि उरलेली तीन-पाच वर्षांत एकरकमी. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने कर्जाला विमा दिला आणि वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांचं कर्ज रूढ केलं. गोरा मध्यमवर्ग या विम्यावर उभा राहिला. कृष्णवर्णीय वस्तीत किंवा तिच्या शेजारी विमा द्यायचा नाही हा त्या संस्थेचा लेखी निकष होता. कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगाने रंगवलेल्या नकाशांबद्दल खूप लिहिलं जातं. ते नकाशे दुसऱ्याच एका संस्थेने, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने काढले होते, आणि तेही तिचं बहुतेक कर्जवाटप उरकल्यावर. खरं नुकसान विम्याच्या निकषाने केलं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण नकाशे संग्रहालयात गेले तरी निकष दशकानुदशकं चालू होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घर-शेती-धंद्यासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळालं. १९४७ च्या एका पाहणीत मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत अशा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जं दोन होती.

त्याच काळात न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये आठ हजार डॉलरच्या आसपास घरं विकली गेली, फक्त गोऱ्यांना. त्या घरांच्या किमती आज कित्येक लाखांत आहेत. शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तेव्हा बँक दारात उभी करत नव्हती, म्हणून ती करारावर घर घेत. हप्ते सगळे भरून होईपर्यंत मालकी विकणाऱ्याकडे, एक हप्ता चुकला की घर आणि भरलेले सगळे पैसे दोन्ही गेले. घरखरेदीतला भेदभाव बेकायदा ठरला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. तोवर किमती वाढून गेल्या होत्या. १९६० मध्ये सुमारे ६५ टक्के गोरी आणि ३८ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबं स्वतःच्या घरात राहत. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ७४ आणि ४५ होतं. सत्तावीस टक्क्यांचं अंतर आता एकोणतीस आहे.

आजचा खरेदीदार पाहा. तीन लाखांचं घर, २० टक्के डाउन पेमेंट म्हणजे ६०,००० डॉलर. मध्यक कृष्णवर्णीय कुटुंबाची सगळी पुंजी विकली तरी एवढे होत नाहीत. मग तेच फेडरल हाउसिंगचं कर्ज, साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर. रोख लागतात १०,५००, कर्ज २,८९,५००. त्यावर सुरुवातीलाच पावणेदोन टक्के विमा, म्हणजे पाच हजार, आणि पुढे वर्षाला ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे १३३ डॉलर. डाउन पेमेंट दहा टक्क्यांच्या आत असेल तर हा विमा कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. किमती १० टक्के पडल्या तर साठ हजार भरणाऱ्याचे तीस हजार शिल्लक राहतात. साडेदहा हजार भरणाऱ्यावर घराच्या किमतीपेक्षा सुमारे वीस हजार जास्त कर्ज राहतं. तो घर विकूही शकत नाही, कर्ज बदलूही शकत नाही. २००८ नंतर नेमकं हेच झालं, आणि त्या वेळी तर महागडी कर्जं कृष्णवर्णीयांच्या गळ्यात मुद्दाम मारली गेली होती. कंट्रीवाइड या घरकर्ज कंपनीच्या प्रकरणात २०११ मध्ये न्याय खात्याशी ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली ती याच आरोपावर. साठ हजार भरणारा मुलगा ते आणतो कुठून? २०१९ च्या पाहणीत सुमारे ३० टक्के गोऱ्या कुटुंबांना वारसा किंवा मोठी भेट मिळाली होती, कृष्णवर्णीयांत १० टक्क्यांना.

विरोधी बाजू म्हणते, शिक्षण आणि कुटुंबव्यवस्था सुधारा, बाकी आपोआप होईल. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. दोघं कमावणाऱ्या घराचं उत्पन्न एकट्या आईच्या घरापेक्षा जास्त असतं, आणि कृष्णवर्णीय समाजात एकट्या पालकाची घरं जास्त आहेत. पण अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दोन कोटी मुलांच्या कर आणि जनगणनेच्या नोंदी जोडून २०१८ मध्ये दाखवलं की सारख्याच उत्पन्नाच्या घरात, अगदी त्याच वस्तीत वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो, आणि हे देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत खरं आहे. मुलींमध्ये मात्र ही तफावत जवळपास दिसत नाही. संस्कार किंवा बुद्धी हे कारण असतं तर त्याच घरातल्या बहिणीला ते का लागू होत नाही? बोस्टन आणि शिकागोत मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी नोकरीच्या जाहिरातींना जवळपास पाच हजार अर्ज पाठवले होते. मजकूर तोलामोलाचा, फक्त नावं वेगळी. गोरं वाटणाऱ्या नावाला पन्नास टक्के जास्त बोलावणी आली.

आरोग्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते वेगळ्या लेखाचं काम आहे. २०२२ मध्ये हजार जन्मांमागे कृष्णवर्णीयांची जवळपास अकरा अर्भकं दगावली, गोऱ्यांची साडेचार. आयुर्मान ७२.८ वर्षं विरुद्ध ७७.५. निवृत्तीच्या फंडात आयुष्यभर पैसे भरून तो खायला जवळपास पावणेपाच वर्षं कमी मिळणं, हाही पुंजीचाच तोटा.

मग करायचं काय? शिकागोशेजारच्या इव्हन्स्टन शहराने एक वाट धरली. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर. सुरुवातीला पैसा गांजाविक्रीच्या करातून. तत्त्व मला पटतं, कारण नुकसान घराचं, करणारं शहर, आणि भरपाई घराची. पण करातून पैसा थेंबथेंब येतो. २०२२ च्या सुरुवातीला सोडत काढून पहिल्या फेरीत सोळा जण निवडले गेले. पात्र माणसं म्हातारी आहेत, रांगेत असतानाच मरतात. शिवाय वर्णाचं नाव घेऊन केलेली योजना कोर्टात अडते. कृष्णवर्णीय आणि इतर वंचित शेतकऱ्यांची कर्जमाफी २०२१ मध्ये मंजूर झाली, काही महिन्यांत कोर्टांनी रोखली, २०२२ मध्ये काँग्रेसने ती रद्द करून वर्णाचा उल्लेख नसलेली योजना आणली. २०२४ मध्ये भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे दोनशे कोटी डॉलर मिळाले ते त्या नव्या मार्गाने.

म्हणून अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी आणि डॅरिक हॅमिल्टन यांनी मांडलेली जन्मठेवीची कल्पना मला सर्वांत टिकाऊ वाटते. कनेटिकट राज्याने ती सुरू केली आहे. १ जुलै २०२३ पासून, ज्या बाळंतपणाचा खर्च गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतून होतो, त्या प्रत्येक बाळाच्या नावे ३,२०० डॉलर गुंतवले जातात. पालकांना काही भरायचं नाही. वयाच्या अठरा ते तीस या काळात, पैशाच्या व्यवहाराचा छोटा अभ्यासक्रम पुरा करून, ते पैसे शिक्षण, राज्यातलं घर, राज्यातला धंदा किंवा निवृत्तीच्या खात्यासाठी काढता येतात. वर्ण विचारायचा नाही, पण गरिबीतली मुलं निवडली की कृष्णवर्णीय मुलं मोठ्या प्रमाणात येतातच. पगारावर, शिक्षणावर न विसंबता ही योजना थेट आडात पाणी सोडते.

रक्कम मात्र अपुरी आहे. वर्षाला ७ टक्के धरले तर ३,२०० चे अठराव्या वर्षी सुमारे १०,८०० होतात. २०२३ मधल्या तीन लाखांच्या घराच्या साडेतीन टक्क्यांना एवढे पुरतात. पण पहिलं बाळ अठरा वर्षांचं होईल २०४१ मध्ये, आणि घरांच्या किमती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढल्या तर तेच घर तोवर सहा लाखांचं असेल. साडेतीन टक्के म्हणजे २१,००० च्या वर. ठेव निम्मी पडेल. जन्माच्या वेळची रक्कम ६,३०० च्या आसपास हवी, आणि दरवर्षी जन्मणाऱ्या बाळांसाठी ती राज्यातल्या घरांच्या किमतींना जोडून वाढवायला हवी. कायद्यात एवढी दुरुस्ती २०४१ ची वाट न पाहता येत्या अधिवेशनातही करता येईल.